नकाशाही आपला, ठेकाही आपला

हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीला या वर्षी शंभर वर्षे झाली. १९२६च्या जानेवारीत वालचंद हिराचंद यांनी ती स्थापन केली आणि बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपासून तिच्या कामाला सुरुवात झाली. पुढे तिने धरणे बांधली, पूल बांधले, अणुवीज केंद्रांची बांधकामे केली. केरळातले इडुक्कीचे कमानी धरण तिचे आणि वांद्रे-वरळीचा सागरी सेतूही तिचाच. या शंभरीनिमित्त अशा मोठ्या कामांची उजळणी देशभर होईल, आणि ती व्हायलाच हवी. इंदापूर तालुक्यात मात्र वालचंदांच्या घराण्याची ओळख एका गावाच्या नावाने आहे. कळंबच्या शिवारात नीरेच्या बाजूला वालचंदनगर उभे आहे. ज्या माणसाने त्या गावाला आपले नाव दिले, त्याने धंद्याची सुरुवात रेल्वेच्या मातीकामाच्या ठेक्यापासून केली होती, हे वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेल्या अनेकांच्या आज ध्यानातही नसेल.

ही शंभरी बारामती-इंदापूरकरांनी आपली म्हणून पाहावी, असे आम्हाला वाटते. त्याला कारण आहे. या दोन तालुक्यांत बांधकामाचा धंदा घरात असलेली कुटुंबे आज पेठेपेठेत भेटतात. आजोबा गवंडी नाहीतर मुकादम. कालव्याच्या चाऱ्या, साखर कारखान्यांच्या चाळी, शाळेच्या खोल्या, पाझर तलाव अशी कामे त्यांनी केली. वडिलांनी सरकारी ठेकेदार म्हणून नाव नोंदवले, मिक्सर घेतला, सेंट्रिंगच्या प्लेटा घेतल्या, एमआयडीसी आली तेव्हा शेड बांधल्या, पुढे फ्लॅटच्या स्कीम काढल्या. तिसऱ्या पिढीतले कोणीतरी पुण्याला, किंवा बारामतीतच विद्या प्रतिष्ठानच्या वास्तुकला महाविद्यालयात, पाच वर्षे शिकून आर्किटेक्ट होते आणि घरच्या फर्ममध्ये येऊन बसते. अलीकडे बऱ्याच घरांत ही मुलगी असते. फर्मच्या पाटीवर आजोबांच्या नावाखाली तिचे नाव आणि नोंदणी क्रमांक येतो. आजोबांच्या काळात ज्या कामाला नकाशा म्हणून वहीच्या पानावरची रेघोटी पुरत असे, तिथे आता संगणकावरून निघालेल्या चादरीएवढ्या शीटा साइटवर पोचतात.

गावासाठी ही फार चांगली गोष्ट आहे. ही मुले पुण्या-मुंबईच्या मोठ्या कार्यालयांत राहिली असती, तर दुसऱ्याच्या इमारतींचे जिने काढण्यात त्यांची दहा वर्षे गेली असती. ती परत येतात तेव्हा गावाला आपल्या हवामानाचे, आपल्या दगडाचे, आपल्या कुटुंबपद्धतीचे घर मिळण्याची शक्यता तयार होते. पण त्याच वेळी एक अडचणही उभी राहते. नकाशा काढणारा आणि बांधणारा एकाच घरातले झाले, की घर बांधून घेणाऱ्याच्या बाजूने पाहणारे कोण उरते? या प्रश्नाला सरळ भिडल्याशिवाय अशा कारकिर्दीचे नुसते कौतुक करणे आम्हाला पटत नाही.

वालचंद आर्किटेक्ट नव्हते, इंजिनिअरही नव्हते. १८८२ साली सोलापूरच्या एका व्यापारी जैन घराण्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले, पण पदवीपर्यंत पोचले नाहीत. घरची सावकारी आणि कापसाचा व्यापार त्यांच्या स्वभावात बसेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या मातीकामाचा ठेका घेतला. फाटकांना रेल्वेचे नियम, मोजमापाच्या वह्या आणि बिले पास होण्याची रीत माहीत होती. वालचंदांजवळ भांडवल उभे करायची हिंमत होती. ‘फाटक-वालचंद’ या नावाने ही भागीदारी वाढली, १९२०च्या सुमारास टाटांच्या बांधकाम कंपनीत विलीन झाली, आणि त्या अनुभवावर पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन उभी राहिली. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट सारखी दिसते. जे आपल्याला येत नाही ते येणारा माणूस घराबाहेरून आणायचा आणि त्याला नोकर म्हणून न वागवता बरोबरीने बसवायचे, ही वालचंदांची सवय होती. जहाजांच्या धंद्यात त्यांनी हेच केले, बंगळुरात विमानांचा कारखाना काढतानाही हेच केले. १९५३ साली ते गेल्यावर भावांच्या शाखांनी कंपन्या पुढे नेल्या. कुटुंबाची म्हणून जी कंपनी आपण ओळखतो, तिचा पाया मुळात रक्ताच्या नात्याबाहेरच्या एका भागीदाराबरोबर घातला गेला होता.

वालचंदनगरचा इतिहासही मुद्दाम आठवावा असा आहे. नीरा डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी आले आणि बारामती-इंदापूरच्या कोरडवाहू जमिनीचे नशीब पालटले. मार्सलँड प्राइस या कंपनीच्या नावाने वालचंदांनी कळंब परिसरातली जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली, ऊस लावला, आणि १९३३-३४च्या सुमारास साखर कारखाना उभा केला. कामगारांसाठी घरे बांधली गेली, शाळा आली, दवाखाना आला, बाजार आला. कारखान्याच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता तिथे यंत्रे बनवण्याचा कारखाना वाढला. त्या कारखान्यातून साखर आणि सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री निघाली, अणुभट्ट्यांचे भाग निघाले, इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची कवचेही निघाली. पुण्याहून दीडशे किलोमीटरच्या आत, उसाच्या फडांमध्ये, हे सगळे घडले. त्याच्या दुसऱ्या बाजूवरही बोलले पाहिजे. कमाल जमीन धारणेचा कायदा आल्यावर इथली शेतजमीन शेती महामंडळाकडे गेली आणि ज्यांच्या आज्यांनी ती खंडाने दिली होती, त्या खंडकरी कुटुंबांना ती परत मिळवण्यासाठी दशकानुदशके झगडावे लागले. गाव बांधणाऱ्याच्या कर्तृत्वाची गोष्ट सांगताना ज्यांच्या जमिनीवर ते गाव उभे राहिले त्यांना विसरले, तर ती गोष्ट अर्धीच राहते.

याच घराण्याच्या कंपनीने याच पुणे जिल्ह्यात आणखी एक गाव बांधायला घेतले, मुळशी तालुक्यातले लवासा. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याला लागून, डोंगरउतारावर इटलीतल्या किनारी गावासारखी रंगीत घरे उभी राहिली. २०१०च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, पुढे कर्जाचा भार वाढत गेला आणि २०१८च्या ऑगस्टमध्ये लवासा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले. ज्यांनी तिथे घरासाठी पैसे भरले होते, त्यांचे पैसे अडकले. आमच्या मते दोन गावांतला फरक क्रमाचा आहे. कळंबला आधी पाणी होते, मग ऊस, मग कारखाना, आणि कामाला आलेल्या माणसांसाठी घरे. मोसे खोऱ्यात घरे आधी आली आणि त्यांत राहणारी माणसे काय काम करतील, हे पुढे ठरायचे होते. लवासाच्या नियोजनावर नामांकित परदेशी वास्तुशिल्प संस्थेने काम केले होते, आराखड्यांना पारितोषिकेही मिळाली होती. आराखडा सुंदर असणे वेगळे आणि त्या जागी तो उभा राहावा की नाही हे विचारायला कोणी मोकळे असणे वेगळे. बांधायला जो उत्सुक आहे, जमीन ज्याच्या हातात आहे आणि पैसाही ज्याने उभा केला आहे, त्याच्याच टेबलावर हा प्रश्न सुटायचा असेल, तर त्याचे उत्तर बहुतेक वेळा बांधा असेच येते.

आता ही मोठी उदाहरणे बाजूला ठेवून बारामतीच्या एखाद्या साध्या साइटवर येऊ.

इथला घर बांधणारा माणूस बहुधा उसाच्या पैशावर बांधतो. माळेगावचे, सोमेश्वरचे, भवानीनगरच्या छत्रपतीचे बिल आले की पाया, पुढच्या गळिताचा हप्ता आला की स्लॅब, त्यापुढे दोन वर्षांनी गिलावा आणि फरशी. ठेका दर चौरस फुटाला मटेरियलसह ठरतो. ‘नकाशा आमच्याकडून फुकट, काम मात्र आम्हालाच द्या’ हे वाक्य या धंद्यात सर्रास ऐकू येते. आर्किटेक्ट घरातलाच असल्यामुळे नकाशाची वेगळी फी लावायची गरज कोणाला वाटत नाही, आणि शेतकऱ्यालाही चार पैसे वाचल्यासारखे वाटतात. पण फुकट मिळालेला नकाशा कोणाच्या सोयीचा असतो? खांबांची ठिकाणे फर्मकडच्या प्लेटांच्या मापाने ठरतात. खिडक्या पश्चिमेला येतात, कारण दर्शनी भाग रस्त्याकडे हवा. एप्रिल-मे महिन्यांत इंदापूरला ऊन चाळिशीच्या वर जाते, तेव्हा त्या खोलीत दुपारी कोणी बसू शकत नाही. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, ओसरी आणि मधला चौक यांमागे या उन्हाचा पूर्ण विचार होता. कवी मोरोपंत ज्या बारामतीत राहिले तिथली घरे गवंड्यांनी बांधली होती, पण बांधून घेणारा माणूस त्यांच्याशेजारी उभा असे आणि त्याला काय हवे ते त्याला स्वतःला ठाऊक असे. आजच्या बांधून घेणाऱ्याला सळईचा व्यास किंवा सिमेंटची प्रत ओळखता येत नाही. त्याच्या वतीने ते ओळखणे हे आर्किटेक्टचे काम.

जमिनीचेच घ्या. नीरेच्या आणि भीमेच्या काठची काळी माती उसाला सोन्यासारखी, पण बांधकामाला फार अवघड. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या मातीवर उथळ पाया घेतला, की तीन-चार वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून भिंतींना तिरक्या चिरा जातात. मुरूम किंवा पक्का खडक लागेपर्यंत खोदणे, पायाच्या बाजूने मुरमाचा भराव करून पाणी बाहेर काढणे, आणि मातीचा थर फारच खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने अशा मातीसाठी विकसित केलेले, बुडाशी फुगीर असलेले पाइल घेणे, हे त्यावरचे उपाय. सगळे उपाय पैशाचे आणि सगळे मातीखाली गाडले जाणारे. प्लिंथ झाल्यावर पाया किती खोल गेला हे कोणाला दिसत नाही. दोन फूट कमी खोदले तर ठेकेदाराचे किती पैसे वाचतात, हे फर्मच्या हिशोबाच्या वहीत लगेच दिसते.

स्लॅब टाकायच्या आदल्या संध्याकाळी तर ही अडचण अगदी समोर येऊन उभी राहते. प्लेटांवर सळयांची जाळी बांधून तयार आहे. सकाळी सातला मिक्सर, लिफ्ट आणि वीस-पंचवीस माणसे यायची आहेत. नारळ आणून ठेवला आहे. आर्किटेक्ट शिडीने वर येते, जाळीखाली बोट घालून पाहते. सळई आणि प्लेट यांच्यामध्ये वीस मिलिमीटर जागा हवी, तेवढे काँक्रीट खाली आले नाही तर पुढे सळई गंजते आणि छताचे पोपडे पडतात. त्यासाठी कव्हर ब्लॉक ठेवायचे असतात. काही ठिकाणी ते नाहीत, काही ठिकाणी त्यांच्या जागी खडीचा तुकडा सरकवला आहे. बाहेर काढलेल्या गॅलरीपाशी याहून मोठी चूक आहे. अशा गॅलरीचा ताण वरच्या सळया घेतात, आणि दिवसभर माणसे त्यांवरून चालल्यामुळे त्या दबून खालच्या सळयांना टेकल्या आहेत. खाली आधाराला चेअर लावून त्या उचलायला हव्यात. म्हणजे अर्धा दिवस फिटर परत बोलवायचा, उद्याचा स्लॅब परवावर ढकलायचा, आलेल्या माणसांचा खाडा भरून द्यायचा. मुकादम म्हणतो, ‘ताई, काँक्रीट टाकता टाकता उचलून घेतो की आम्ही.’

दुसऱ्या कोणाच्या साइटवर हे काम असते, तर ती साइटवरच्या वहीत दोन ओळी लिहून सही करून गेली असती. तोटा ठेकेदाराचा झाला असता. इथे ठेकेदार तिचे वडील आहेत, मुकादमाने तिला लहानपणी खांद्यावर घेऊन साइट दाखवली आहे, आणि परवा बँकेचा हप्ता आहे. तिच्या पाच वर्षांच्या शिक्षणाची खरी परीक्षा या संध्याकाळी होते. ‘थांबवा’ हा शब्द ती उच्चारते की नाही, त्यावर खाली झोपणाऱ्या कुटुंबाची गॅलरी अवलंबून आहे. जी मुलगी तो उच्चारते, तिला आम्ही मनापासून मानतो. आणि अशा मुली, अशी मुले या तालुक्यांत आहेत. पण इमारतीची सुरक्षितता कोणाच्या तरी मनाच्या कणखरपणावर सोडून देणे बरोबर नाही. त्या मुलीवरही तो अन्याय आहे.

मोठ्या कामांत म्हणूनच हात वेगळे ठेवलेले असतात. वांद्रे-वरळी सागरी सेतू हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने बांधला, आराखडा दार कन्सल्टंट्स या सल्लागारांचा होता आणि मालक राज्याचे रस्ते विकास महामंडळ होते. ज्याने काढले त्याने बांधले नाही, ज्याने बांधले त्याने स्वतःच आपले काम पास केले नाही. लहान गावातल्या दुमजली घराला एवढी व्यवस्था परवडत नाही, हे खरे. पण त्यामागचे तत्त्व परवडायला हरकत नाही.

कायदा या बाबतीत बोलतो, पण अर्धवट. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने आर्किटेक्ट ही पदवी फक्त नोंदणी असलेल्यांनाच लावता येते. २०२०च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुकेश गोयल यांच्या प्रकरणात हे स्पष्ट केले, की या कायद्याने पदवी राखीव केली आहे, काम राखीव केलेले नाही. म्हणजे पाटीवर आर्किटेक्ट लिहिणारा माणूस लोकांना एक वचन देत असतो, आणि त्या वचनाचा तपशील वास्तुकला परिषदेच्या १९८९च्या आचारसंहितेत आहे. बांधकामाच्या कराराची अंमलबजावणी करताना निःपक्षपाती राहावे, आणि स्वतःचा हितसंबंध आड येत असेल तर एक तर त्या कामातून बाजूला व्हावे, किंवा तो हितसंबंध दूर करावा, किंवा तो उघड सांगून संबंधितांची संमती घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. घरच्या फर्ममध्ये बसलेल्या आर्किटेक्टला पहिले दोन मार्ग सहसा शक्य नसतात. तिसरा शक्य असतो. तो आमच्या गावांत किती जण पाळतात? घर बांधून घेणाऱ्याला लेखी सांगितले जाते का, की तुमच्या कामावर देखरेख करणारी व्यक्ती काम करणाऱ्याच्याच घरातली आहे?

फ्लॅटच्या स्कीममध्ये तर यात इतरांचा पैसाही गुंतलेला असतो. रेरा कायद्यानुसार ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि काम जेवढे झाले त्या प्रमाणातच ते काढता येतात. काम किती झाले हे आर्किटेक्टने, इंजिनिअरने आणि चार्टर्ड अकाउंटंटने प्रमाणित करायचे. गवंड्याच्या, शिक्षकाच्या, कारखान्यातल्या फिटरच्या आयुष्यभराच्या बचतीचे कुलूप असे तीन सह्यांवर टाकलेले आहे. ही फार विचारपूर्वक केलेली तरतूद आहे, आणि ग्राहकांच्या रक्षणासाठी झालेल्या कायद्यांत तिचे स्थान मोठे आहे. पण सही करणारा आर्किटेक्ट प्रवर्तकाचा मुलगा, मुलगी किंवा सून असू नये, असे त्या कलमात म्हटलेले नाही. म्हणजे मुलीच्या सहीवर वडिलांना ग्राहकांचे पैसे काढता येतात. बहुतेक मुली प्रामाणिकपणेच सही करत असतील, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण तीन सह्यांमागचा हेतू तीन वेगळ्या माणसांनी पाहावे हा आहे. शिवाय पाचशे चौरस मीटरपर्यंतचे भूखंड किंवा आठपर्यंतची घरे असलेल्या स्कीमना रेराची नोंदणीच लागत नाही, आणि लहान गावातल्या बऱ्याच स्कीम याच मापाच्या असतात. तिथे ग्राहकाला आधार म्हणून उरते ती फक्त पाटीवरची आर्किटेक्टची नोंदणी.

मग घरच्या फर्ममध्ये येऊच नये का? असे आम्ही अजिबात म्हणत नाही. वास्तुकला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलांना काँक्रीट कसे वाहते, विटा भिजवल्या नाहीत तर सांधा का सुटतो, उन्हाळ्यात स्लॅबवर दहा-चौदा दिवस पाणी धरून ठेवायचे तर टँकरला किती खर्च येतो, हे फार थोड्या ठिकाणी शिकायला मिळते. घरच्या साइटवर ते रोज मिळते. वडिलांच्या हातात असलेले ज्ञान पुस्तकांत नाही. मुरूम मुठीत दाबून तो बसेल की नाही हे सांगणारे, खडीच्या ढिगाकडे पाहून धूळ किती आहे हे ओळखणारे मुकादम आता म्हातारे होत चालले आहेत, आणि त्यांची मुले या कामात येत नाहीत. ते ज्ञान उचलून त्याला मापात बसवणारी पिढी हीच आहे. मात्र त्यासाठी तिला फर्ममध्ये खरा अधिकार हवा. अनेक घरांत आर्किटेक्ट मुलीला थ्रीडी चित्रे काढायला, गिऱ्हाइकासमोर बसायला आणि इंटिरिअरच्या फरशा निवडायला सांगितले जाते. साइट, लेबर आणि पैशाचे बोलणे काका आणि भाऊ बघतात. तिच्या सहीवर परवानगी मिळते आणि तिच्या शब्दावर स्लॅब थांबत नाही. जबाबदारी तिची, निर्णय दुसऱ्याचा. ही वाटणी बदलायला कायदा लागत नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन लागते. साइट बंद ठेवायचा अधिकार तिच्याकडे आहे, असे वडिलांनी मुकादमासमोर एकदा मोठ्याने सांगितले, की पुढचे पुष्कळ सोपे होते.

फर्मने आणखी काही गोष्टी स्वतःहून कराव्यात. नकाशाची फी वेगळी लावावी, ती कमी असली तरी चालेल, पण पावतीवर वेगळी दिसावी. म्हणजे नकाशा घेऊन दुसऱ्या ठेकेदाराकडे जायची मोकळीक गिऱ्हाइकाला राहील. नकाशांचा पूर्ण संच, पायाच्या खोलीचे आणि सळयांच्या जाळीचे फोटो काम चालू असतानाच मालकाच्या हातात द्यावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाया आणि स्लॅब या दोन टप्प्यांवर बाहेरच्या आर्किटेक्टला किंवा इंजिनिअरला बोलवावे. बारामती आणि इंदापुरात अशा फर्म आता इतक्या आहेत, की एकमेकींची कामे तपासण्याची देवाणघेवाण त्यांना सहज करता येईल. बारामतीच्या फर्मने इंदापूरचा पाया पाहावा, इंदापूरच्या फर्मने बारामतीचा स्लॅब पाहावा. एका फेरीचा खर्च दोन-चार पोती सिमेंटपेक्षा फारसा जास्त होणार नाही. गावातल्या गावात स्पर्धक एकमेकांचे दोष झाकतील, अशी शंका कोणी घेईल. पण दुसऱ्याच्या नावावर आपली सही टाकताना माणूस जपून टाकतो, हे धंद्यातल्या कोणालाही विचारावे.

सरकारकडे आमची मागणी एका ओळीची आहे. २०२०च्या डिसेंबरात राज्याने बहुतेक शहरांसाठी आणि गावांसाठी एकच विकास नियंत्रण नियमावली लागू केली. तिच्यामुळे बारामती आणि इंदापूरच्या नगर परिषदांत परवानगीचे नियम आणि फॉर्म एकसारखे झाले. त्या फॉर्ममध्ये आर्किटेक्टच्या सहीखाली एक रकाना वाढवावा. सही करणाऱ्याचे बांधकाम करणाऱ्या फर्मशी काही नाते किंवा भागीदारी आहे का, आणि असल्यास तपासणी करणाऱ्या दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीचे नाव काय, एवढेच त्यात भरून घ्यायचे. रेराच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातही हाच रकाना यावा. या तालुक्यांतून राज्याच्या सत्तेत माणसे कायम पोचली आहेत, तेव्हा ही मागणी मंत्रालयापर्यंत न्यायला कोणाला दूर शोधावे लागणार नाही. विद्या प्रतिष्ठानच्या वास्तुकला महाविद्यालयाने यात पुढाकार घेतला, तर शेवटच्या वर्षातली मुले प्राध्यापकांबरोबर येत्या उन्हाळ्यातच दहा-बारा साइटवर पायाची तपासणी करून नमुना घालून देऊ शकतील. त्यासाठी आठ दिवस पुरेत, आणि पावसाळ्याआधी काळी माती उघडी असते तेव्हाच ते करावे.